कल्हई, कावीळ आणि एच-इंडेक्स

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात सत्तर-ऐंशीच्या दशकात बालरोगतज्ज्ञ एक आजार नुसत्या हातानेच ओळखत. मूल साधारण एक ते तीन वर्षांचं. पोट पुढे आलेलं, हातपाय काटक्या, स्वभाव किरकिरा. बरगडीखाली बोटं घातली की यकृताची कडा लागायची, आणि ती पानाच्या कडेसारखी धारदार आणि टणक असायची. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेकदा काही महिन्यांत शेवट. एकाच घरातली दोन-दोन मुलं जायची. आयाबाया ‘लिव्हर वाढलं’ म्हणत. वैद्यकाच्या पुस्तकात नाव होतं ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’. १८८७ साली कलकत्त्यात या आजाराचं वर्णन झालं होतं, आणि पुढची नव्वद वर्षं कारणाचा पत्ता नव्हता.

धागा सापडला तो तांब्याचा. १९७८ साली लंडनमध्ये अशा मुलांच्या यकृताच्या कापांना ऑर्सीन नावाचा रंग दिला, तेव्हा तांबं धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे कण भरभरून दिसले. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष तांबं मोजलं गेलं. निरोगी यकृतात, वाळवलेल्या ऊतीच्या एका ग्रॅममागे, ते ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असतं. या मुलांत ते कित्येक पटींनी जास्त होतं. एवढं तांबं दीड वर्षाच्या पोरात आलं कुठून? के. ई. एम.मधले आनंद पंडित आणि शीला भावे, आणि इंग्लंडहून येणारे बालयकृततज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी शोध घेतला तो स्वयंपाकघरात. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा शोधनिबंध आला: बाळाला लवकर सुरू केलेलं गायी-म्हशीचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलं आणि ठेवलं जातं, आणि आजाराचं कारण बहुधा तिथे आहे.

खानदेशातल्या कोणत्याही जुन्या घराला हे समजावून सांगायला नको. पितळेचं पातेलं, आतून कल्हई. कल्हई आहे तोवर ठीक. ती उडाली की दूध थेट पितळेला लागतं, आणि दुधातलं केसीन तांबं ओढून घेतं. मोठ्या माणसाचं यकृत जादाचं तांबं पित्तातून बाहेर टाकतं, तान्ह्याला ते तितकंसं जमत नाही. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं असतं, म्हणून अंगावर पिणारं मूल सुटायचं. १९८७ साली याच गटाने आजारी मुलांच्या आणि तशाच वयाच्या निरोगी मुलांच्या दुधाचा इतिहास शेजारी-शेजारी ठेवून तपासला. त्याच वर्षी पेनिसिलामाइन या तांबं काढून टाकणाऱ्या औषधाच्या चाचण्यांचा निबंध आला. १९९२ साली हा आजार टाळता येतो का, यावरचा. आज तरुण बालरोगतज्ज्ञाला हा आजार पुस्तकातच भेटतो.

आता या कामाचं मोल अंकात सांगा, असं कुणी म्हटलं तर?

असं म्हणणारे पुष्कळ आहेत. अमळनेर, धुळे, जळगाव, कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये प्राध्यापकांच्या बढतीचा, म्हणजे ‘प्लेसमेंट’चा, विषय निघाला की पेपर किती, स्कोपसमध्ये किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती, हीच भाषा ऐकू येते. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘एपीआय’ नावाची गुणांची पद्धत आणली, आणि तेव्हापासून प्राध्यापकाच्या बौद्धिक आयुष्याला बेरीज-वजाबाकी लागू झाली. डॉक्टरांचंही तेच. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर ठरावीक संख्येने शोधनिबंध लागतात, रुग्ण कितीही तपासलेले असोत. त्यामुळे हे अंक येतात कुठून, हे माहीत असणं आता फक्त ग्रंथपालाचं काम राहिलेलं नाही.

मूळ कल्पना वकिलांची आहे. अमेरिकेत १८७३पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची निघत असे. एखादा जुना निवाडा पुढे कोणकोणत्या निवाड्यांत उद्धृत झाला, हे तीत पाहता येई. अमळनेरच्या कोर्टातल्या वकिलालाही हेच हवं असतं: मी ज्या निवाड्याचा आधार घेतोय तो अजून उभा आहे का, की वरच्या कोर्टाने तो मोडीत काढलाय? यूजीन गारफील्ड या अमेरिकन माहितीतज्ज्ञाने १९५५ साली ‘सायन्स’मध्ये सुचवलं की विज्ञानासाठीही अशीच सूची करावी. १९६४ साली फिलाडेल्फियातल्या त्याच्या संस्थेची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आली. तिचा हेतू शोधण्याचा होता: एक जुना निबंध हाती धरून त्याच्यापुढचं सगळं काम गाठायचं. माणसांना गुण देण्याचा उद्योग नंतरचा.

या देवाणघेवाणीत एक गोष्ट मात्र गळून पडली. वकिलांच्या सूचीत प्रत्येक उल्लेखापुढे खूण असे: निवाडा पाळला, वेगळा ठरवला, की रद्द केला. विज्ञानाच्या सूचीत ती खूण आली नाही. उल्लेख म्हणजे उल्लेख. ‘या थोर कामामुळे आमचे डोळे उघडले’ आणि ‘हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे’, दोन्हींची नोंद सारखीच, एक.

एच-इंडेक्स तर अगदी अलीकडचा. सॅन दिएगोचा भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श याने २००५ साली तो मांडला, आणि तो इतका सोपा आहे की तिथेच त्याचं यश आहे. समजा एका यकृततज्ज्ञाचे सात निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख उतरत्या क्रमाने ४०, २२, ९, ६, ५, २ आणि ० असे आहेत. वरून मोजत या. पाचव्या निबंधाला पाच उल्लेख आहेत, सहाव्याला सहा नाहीत. एच-इंडेक्स ५. पहिल्या निबंधाचे ४०चे ४,००० झाले तरी उत्तर ५च. एकदाच काहीतरी प्रचंड सापडलेला माणूस आणि बरी-मध्यम कामं सातत्याने करणारा माणूस यांत हा आकडा दुसऱ्याच्या बाजूने झुकतो. शिवाय तो कधी खाली येत नाही. संशोधक निवृत्त होवो, चुकीच्या वाटेने जावो वा जग सोडून जावो, आकडा तिथेच थांबतो किंवा वर सरकतो.

मुंबईचे यकृततज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर यांचं उदाहरण घ्या. २९ ऑगस्ट २०१७च्या त्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून त्यांचा मृत्यू झाला, आणि बातम्यांत ते ‘बॉम्बे हॉस्पिटलचे नामांकित डॉक्टर’ म्हणून आले. त्यांचे निबंध आजही उद्धृत होतात. त्यांच्या नावापुढचा उल्लेखांचा आकडा त्यानंतरही वाढत राहिला. २००७ साली त्यांचे दोन निबंध आले, दोन्ही दारू न पिणाऱ्यांच्या यकृतात साठणाऱ्या चरबीवर. एकात मुंबईतल्या रेल्वे वसाहतींमधल्या लोकांना प्रत्यक्ष तपासलं होतं, आणि साधारण सहांत एकाच्या यकृतात चरबी सापडली. सोनोग्राफीचं यंत्र, वसाहतीतली दारं, रक्ताचे नमुने, नाही म्हणणारे शेजारी, एवढं सगळं त्यामागे. दुसरा निबंध जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, तैवान आणि मलेशियातल्या सहकाऱ्यांबरोबरचा, आशिया-पॅसिफिकमध्ये हा आजार किती आहे याचा आढावा. अशा आढाव्यांचे उल्लेख नेहमीच अधिक होतात, कारण पुढच्या लेखकाला प्रस्तावनेतल्या पहिल्या वाक्यासाठी एक सोयीचा आधार लागतो. ज्याने वसाहतीत जाऊन मोजलं आणि ज्याने मोजलेलं एकत्र केलं, ते इथे एकच गृहस्थ होते म्हणून भांडण नाही. बहुतेकदा ते वेगळे असतात.

यकृताच्या वैद्यकात याहून गमतीचा नमुना आहे. सिऱ्होसिस किती पुढे गेलाय हे पाहायला जगभरचे डॉक्टर ‘चाइल्ड-प्यू’ गुण काढतात: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी, मेंदूवरचा परिणाम. यातल्या ‘प्यू’चा निबंध १९७३चा, आणि तो आहे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या, रक्त वाहणाऱ्या शिरांवरच्या एका शस्त्रक्रियेबद्दल. ती शस्त्रक्रिया आज कुणाच्या फारशी ध्यानात नाही. पण आतल्या एका तक्त्यासाठी तो निबंध पन्नास वर्षं उद्धृत होतोय. त्याचे उल्लेख मोजून ‘ही शस्त्रक्रिया किती महत्त्वाची’ असा निष्कर्ष काढणारा फसेल, आणि यंत्र त्याला सावध करणार नाही.

मोजणी सुरू करायच्या आधीच एक अडथळा उभा असतो: नावाचा. अमळनेरच्या बसस्टँडवर ‘पाटील!’ म्हणून हाक मारली तर किती माना वळतील? डेटाबेसमध्येही तेच होतं. ‘पाटील एस.’ या नावावर यकृत, ऊस, काँक्रीट आणि संत साहित्य एकाच खात्यात जमा झालेलं दिसेल. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची रीत आहे, ती इथे उपयोगी पडते. भावे एस. ए., पंडित ए. एन., अरणकल्ले व्ही. ए. (त्या पुढे भेटतील), हे दोन-दोन आद्याक्षरांनी बरेच सुरक्षित राहतात. पण लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदललेल्या संशोधिकेचं काम दोन खात्यांत विभागलं जातं, आणि दोन्ही खात्यांचा एच-इंडेक्स तिच्या खऱ्या आकड्यापेक्षा कमी निघतो. २०१२पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, तो आयुष्यभर एकच. १९८३ साली तो कुणाकडेच नव्हता.

आजारांचीही नावं बदलतात, आणि यकृताच्या बाबतीत तर वारंवार. ज्याला आपण आज हिपॅटायटिस ई म्हणतो, तो ऐंशीच्या दशकातल्या निबंधांत ‘नॉन-ए, नॉन-बी’ या नावाखाली लपला आहे; त्याच नावाखाली हिपॅटायटिस सीही आहे, जो १९८९ साली वेगळा ओळखू आला. अमरापूरकरांच्या निबंधांतल्या ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’चं नाव २०२३ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी बदलून चयापचयाशी जोडलं. शब्द टाकून शोध घेणाऱ्याला जुनी अर्धी कारकीर्द दिसणारच नाही.

त्या ‘नॉन-ए, नॉन-बी’ची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण उल्लेखांना किती वेळ लागू शकतो हे त्यात आहे. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं, ते पाणी शुद्धीकरण केंद्रातून शहरभर गेलं, आणि सुमारे २९,००० लोक पिवळे पडले. विश्वनाथन यांनी या साथीचा काटेकोर अहवाल १९५७ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’च्या पुरवणीत छापला. तेव्हा सगळे समजत होते की ही आपली नेहमीची, दूषित पाण्याची ‘ए’ कावीळ. रुग्णांच्या रक्तद्रवाचे नमुने मात्र कुणीतरी शहाणपणाने जपून ठेवले होते. अहवालानंतर तेवीस वर्षांनी, १९८० साली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या खोर्शेद पावरी, श्रीनिवासन आणि प्रसाद यांनी अमेरिकेतल्या वाँग व पर्सेल यांच्याबरोबर ते नव्या चाचणीने तपासले. ‘ए’ नव्हता, ‘बी’ही नव्हता. त्याच वर्षी काश्मीरच्या मोहम्मद सुलतान खुरू यांनी तिथल्या १९७८च्या साथीवरून स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष मांडला. एक अज्ञात विषाणू देशभर पाण्यातून फिरत होता, आणि गरोदर बायकांना तो विशेष मारत होता.

नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी मिळणारे उल्लेख, काढताना मागच्या दोनच वर्षांतले निबंध धरले जातात. विश्वनाथन यांचा अहवाल १९५८-५९ साली त्या चौकटीत बसवून पाहा! त्याचा खरा अर्थ उलगडायला, फ्रीजमधल्या बाटल्या तपासल्या जाईपर्यंत, तेवीस वर्षं थांबावं लागलं. उशिरा जाग्या होणाऱ्या अशा निबंधांना ग्रंथमितीवाल्यांनी २००४ साली ‘निद्रिस्त सुंदरी’ असं नाव दिलं. संशोधकाची बढती मात्र इतकी थांबत नाही.

पुण्याच्या त्याच संस्थेने पुढे कोल्हापूरच्या १९८१च्या काविळीच्या साथीचा अभ्यास केला. तो १९८४ साली केंब्रिजच्या ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये आला, आणि तीन वर्षांत त्या नियतकालिकाचंच नाव बदललं. मग विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी पुणेकरांच्या रक्तातली प्रतिपिंडं १९८२ आणि १९९२ अशा दहा वर्षांच्या अंतराने ताडून पाहिली. ‘ए’ची प्रतिपिंडं लहान वयातच जवळजवळ सगळ्यांत, ‘ई’ची मुलांत क्वचित, तरुणपणी वाढत जाणारी. दोन्ही विषाणू पाण्यातून येतात, मग हा फरक का? हा प्रश्न जगाला पुण्याने विचारला. त्या निबंधावर पुण्याची आणि अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या प्रयोगशाळेची, अशी दोन्हीकडची नावं आहेत. त्याला उद्या शंभर उल्लेख मिळाले, तर प्रत्येकाला शंभर द्यायचे की वाटून द्यायचे? बहुतेक डेटाबेस प्रत्येकाला पूर्ण शंभर देतात. वाटून द्यायची पद्धतही आहे, पण ती स्वतःहून कुणी वापरत नाही. का, ते उघड आहे.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ साली या प्रश्नाला एक रांगडं उत्तर शोधलं. बढतीसाठी निबंध धरायचा तर उमेदवाराचं नाव पहिल्या दोन लेखकांत हवं. तिसऱ्या नावापासून शून्य. परिपत्रकाचा हेतू समजण्यासारखा होता; विभागप्रमुखाचं नाव भक्तिभावाने घालायची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. पण हा नियम १९८३च्या त्या ‘लॅन्सेट’च्या निबंधाला लावून पाहा. लेखक क्रमाने असे: टॅनर, कँटर्जियन, भावे, पंडित. म्हणजे ज्या शहरात हा आजार होता, ज्या रुग्णालयात ती मुलं होती, ज्या दोघांनी त्या घरांतल्या आयांशी मराठीत बोलून दूध कोणत्या पातेल्यात तापतं हे विचारलं असेल, त्या दोघांच्या खात्यात काहीच नाही. नियम पुढच्या वर्षांत सैल झाला. पण असा नियम एका सहीने लागू होऊ शकतो, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

नावांचा घोळ माणसांपुरताच नाही, नियतकालिकांचाही होतो. इथे अमळनेरची एक गोष्ट आठवते, आणि ती यकृताची नाही. १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. इंग्रजीत त्याचं नाव ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी’. कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ १९३० साली तिथूनच निघालं; पुढे ते स्वतः काही काळ संस्थेचे संचालक होते. विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञानावर गंभीरपणे लिहिणाऱ्याला हे पुस्तक आजही टाळता येत नाही. संस्थेचं ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक मलकानींच्या संपादनाखाली वर्षानुवर्षं अमळनेरहून देशभर जायचं. १९५० साली स्कॉटलंडमध्ये याच नावाचं दुसरं त्रैमासिक सुरू झालं, ते आज मोठ्या दिमाखात सगळ्या डेटाबेसमध्ये आहे. १९३४चा उल्लेख असेल तर तो अमळनेरचाच. पण पुढे काही वर्षं दोन्ही निघत होती, तेव्हाचा उल्लेख कुणाच्या खात्यावर पडतो हे यंत्राला विचारून उपयोग नाही. आणखी गंमत म्हणजे अमळनेरच्या या संस्थेचं मोल अलीकडे जगापुढे आणलं ते नलिनी भूषण आणि जे गारफील्ड यांनी, २०१७च्या ‘माइंड्स विदाउट फिअर’ या पुस्तकात. हे गारफील्ड तत्त्वज्ञ. सायटेशनवाले यूजीन वेगळे. पाटलांचीच अडचण, फिलाडेल्फियापर्यंत पोचलेली.

जे तत्त्वज्ञानाचं, तेच भारतीय वैद्यकाचं. आपले बालरोगतज्ज्ञ ज्या नियतकालिकांत लिहीत होते त्यांतली कितीतरी दीर्घकाळ आंतरराष्ट्रीय सूचींच्या बाहेर होती. गारफील्डच्या सूचीत ज्याचं नियतकालिक नाही, त्याने दिलेला उल्लेखही मोजला जात नाही. गूगल स्कॉलर उदार आहे, पण प्रबंध, परिसंवादाचे सारांश, एकाच निबंधाच्या दोन प्रती, सगळंच मोजतो. म्हणून एकाच संशोधकाचा एच-इंडेक्स वेब ऑफ सायन्सवर एक, स्कोपसवर दुसरा आणि गूगलवर तिसरा येतो. अर्जात कोणता लिहितात, हे वेगळं सांगायला नको. निवड समितीने निदान एवढं विचारावं: आकडा कुठला, कुठल्या तारखेचा, आणि स्वतःच स्वतःला दिलेले उल्लेख वगळून की धरून?

आकड्यांना भाव आला की त्यांचा बाजार भरतोच. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं आपल्याकडे पोत्याने निघाली. पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या एक हजारावर नियतकालिकांची छाननी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडली, तर ८८ टक्के कचऱ्यात काढण्याजोगी निघाली. त्यानंतर ‘यूजीसी केअर’ची नवी यादी आली, मग त्या यादीतल्या चांगल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली वेबसाइट आल्या, आणि २०२५ साली आयोगाने ती यादीच बंद केली. स्वतः हर्शनेही २०२० साली लिहिलं की एच-इंडेक्सचे दुष्परिणाम आपल्याला अपेक्षित नव्हते. २०१२चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आणि २०१५चा लायडन जाहीरनामा हेच सांगतात: आकडा जाणकाराच्या मदतीला असावा, त्याच्या जागी नको. सह्या पुष्कळांनी केल्या आहेत.

तर मग पंडित, भावे आणि टॅनर यांच्या कामाचं मोल कसं करायचं? उल्लेखांच्या हिशेबात या विषयाचं भवितव्य वाईटच होतं. हिपॅटायटिस सीवर जगभरच्या प्रयोगशाळा आणि औषध कंपन्या तुटून पडल्या, २०२०चं नोबेलही त्यालाच गेलं. तिथला मध्यम निबंधही पुष्कळ उल्लेख गोळा करतो. ज्या आजाराला ‘इंडियन’ आणि ‘चाइल्डहूड’ ही दोन विशेषणं लागली आहेत, त्याच्यावर काम करणारे जगात किती? त्यातून आजारच नाहीसा झाला. रुग्ण नाहीत, म्हणजे नवे निबंध नाहीत, म्हणजे उल्लेख नाहीत. कामाला जितकं जास्त यश, तितका आलेख लवकर झोपतो. उद्धृत होण्याऐवजी ज्ञान पाठ्यपुस्तकात विरघळतं, आणि ‘बाळाचं दूध पितळेत ठेवू नका’ असं सांगणारी आशाताई कुणाच्याच निबंधाचा आधार देत नाही.

इथेच थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. पण आजार नाहीसा झाला तो नेमका निबंधामुळे का? त्याच वर्षांत स्टेनलेस स्टील घराघरांत शिरत होतं. पितळी भांडी मोडीत गेली, कल्हईवाल्याची हाळी गल्लीतून कमी झाली, आणि त्यातल्या बहुसंख्य घरांनी ‘लॅन्सेट’चं नावही ऐकलं नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी कारण ओळखलं, लोकांना सांगितलं, ते मोठंच आहे. पण देशभरातल्या घसरणीचं सगळं श्रेय त्यांना देणं म्हणजे एच-इंडेक्सइतकाच उतावीळ हिशेब. प्रत्यक्ष समाजावरचा परिणाम मोजा, असं आज सगळे सांगतात. तो सायटेशनपेक्षा मोजायला सोपा आहे, असं समजू नये.

माझ्या मते अशा कामाचा अंदाज घ्यायचा एकच रस्ता आहे, आणि तो कंटाळवाणा आहे: महत्त्वाचे चार-पाच निबंध उघडायचे, मग त्यांना कुणी आणि कशासाठी उद्धृत केलं ते उघडायचं. तसं केलं की आलेखात न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. १९९६ साली ऑस्ट्रियाच्या टिरोल या डोंगराळ भागातल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की १९०० ते १९७४ या काळात तिथे १३८ तान्ही मुलं अशाच सिऱ्होसिसने गेली, तिथेही गायीचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवत, आणि भांडी बदलली तेव्हा आजार थांबला. मात्र तीच भांडी वापरणाऱ्या सगळ्या घरांत तो झाला नव्हता. काही घराण्यांत अनुवंशाचा वाटा दिसत होता. म्हणजे आजाराच्या नावातला ‘इंडियन’ निखळला, आणि तांब्याच्या जोडीला आणखी काहीतरी आहे हेही कळलं. हा एकच उल्लेख, गुण एक. ‘अधिक माहितीसाठी पाहा’ म्हणून कुणी दिलेल्या उल्लेखाचाही गुण एकच.

उलट बाजूनेही वाचावं लागतं. विकृतिशास्त्रज्ञ एन. सी. नायक हे या आजाराचे जुने अभ्यासक. त्यांनी आणि अरुण चिटळे यांनी २०१३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये तांब्याच्या सिद्धांतालाच हात घातला: आजारी यकृतात तांबं साठतं हे खरं, पण ते कारण की परिणाम? त्या लेखात पुण्याच्या निबंधांवर कडक प्रश्न आहेत. डेटाबेसने ते प्रश्न वाचले नाहीत. पुण्याच्या आकड्यात भर घालून तो पुढे गेला. हा वाद आजारच उरला नसल्याने प्रयोगशाळेत मिटण्याची शक्यता कमी आहे. पुढेमागे कुणी जपलेल्या ऊती नव्या तंत्राने तपासल्याच, तर त्या नव्या निबंधाला दोन्ही बाजूंचे आधार द्यावे लागतील, आणि बरोबर ठरलेल्याच्या आणि चूक ठरलेल्याच्या, दोघांच्याही खात्यात एकेक जमा होईल.